मास्तर कुणापुढं मोकळा?



'व्यावसायिक स्वायत्तता' असा एक जड शब्द चर्चासत्रांतून फिरत असतो. शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, वसतिगृहाचा गृहपाल, अंगणवाडीची बाई, म्हणजे ज्यांचं काम माणसांवर चालतं अशा सगळ्यांना आपल्या कामात आपल्या बुद्धीनं निर्णय घेता यावा, वरून कुणी पावलापावलाला हुकूम सोडू नये, असा त्याचा सरळ अर्थ. १९६६ साली पॅरिसला शिक्षकांच्या दर्जाविषयी एक आंतरराष्ट्रीय शिफारस मंजूर झाली. तिच्यात हे सगळं लिहिलेलं आहे. कोणतं साधन वापरायचं, कोणती पद्धत धरायची, हे ठरवायला शिक्षक लायक असतो. तपासणी अशी असू नये की त्याचा पुढाकारच मरून जाईल. ऐकायला गोड आहे.

आपल्याकडं याला जुना शब्द आहे, अखत्यार. आणि अखत्यार म्हटलं की आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. यायलाच पाहिजे. कारण आपल्या बापजाद्यांनी अखत्यार पाहिला तो कायम दुसऱ्याच्या हातात, आपल्यावर चालवलेला.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य माणसाची हकिकत आहे. १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आलेल्या त्याच्या पत्रावरून बाबासाहेबांनी ती घेतली. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठनं दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा कुठं डॉक्टर आला, तोही बाईला वस्तीबाहेर आणायच्या अटीवर. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत आलं ते त्याच वाटेनं. न्यूमोनिया आहे असं लांबूनच ठरलं. नंतर डॉक्टर पुन्हा यायला तयार झाला नाही. बाई गेली.

आता बघा, हा डॉक्टर पुरता स्वायत्त होता. रुग्णाला कसं तपासायचं ते त्यानं स्वतःच्या बुद्धीनं ठरवलं. ती बुद्धी कुठल्या शाळेत घडली होती, एवढाच काय तो प्रश्न. आणि त्या बाईचा नवरा कोण होता? शिक्षक! एका शिकलेल्या पेशातला माणूस दुसऱ्या शिकलेल्या पेशातल्या माणसापुढं हात जोडून उभा होता. पेशा दोघांनाही होता, अखत्यार एकालाच.

शाळेचंही तेच. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. बोभाटा झाला. १८५८ साली मुंबई सरकारनं जाहीर केलं की सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सगळ्या जातींना खुल्या आहेत. झालं, कागदावर शाळा उघडली. पण पोरानं कुठं बसायचं, त्याला पाणी कोण देणार, त्याची पाटी कोण हातात घेणार, हे मास्तरकडंच राहिलं. म्हणून तर त्यानंतर चाळीस वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर बसत होता, आणि शिपाई नसला तर तहानलेला राहत होता. पुढं मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात त्याला संस्कृत घ्यायचं होतं, मिळालं नाही. फारसी घ्यावी लागली. दार उघडं असून माणूस बाहेर ठेवता येतो, ही कला या देशाला फार जुनी अवगत आहे.

म्हणून आपण कायद्याच्या बाजूचे झालो. आपली चळवळ जन्मापासून असं म्हणत आलीय की आमचं आयुष्य कुणाच्या मर्जीवर ठेवू नका, लिहून ठेवा. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं चौथं कलम वाचा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या बिगरदलित सरकारी नोकराला शिक्षा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं पोराला मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी केली. हे सगळे कुणाच्या तरी अखत्याराला घातलेले लगाम आहेत.

२०१८ आठवा. २० मार्चला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी अ‍ॅट्रॉसिटीखालच्या अटकेला वरिष्ठांच्या परवानगीची आणि गुन्हा नोंदवण्याला प्राथमिक चौकशीची अट घालून ठेवली. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि २०१९ च्या ऑक्टोबरात कोर्टानं स्वतःच ते निर्देश मागं घेतले. आपण रस्त्यावर उतरलो ते कशासाठी? साहेबाच्या मर्जीला पुन्हा दार उघडून दिलं म्हणून. आणि मूळ खटला कुठला? आपल्याच महाराष्ट्रातल्या एका सरकारी महाविद्यालयातला. एका मागासवर्गीय कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी लिहिलेल्या शेऱ्यांवरून तो सुरू झाला. वरिष्ठानं कनिष्ठाच्या कामाबद्दल आपल्या बुद्धीनं दिलेलं मत! म्हणजे बघा, शब्द चर्चासत्रातला वाटतो, पण त्याच्या पायी २०१८ ला आपली पोरं तुरुंगात गेली.

इथवर माझं आणि तुमचं एकमत असणार. आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं पुढचं म्हणणं असं असतं की मग सगळाच अखत्यार काढून घ्या. वर्गात कॅमेरे लावा, मास्तरच्या हजेरीला अंगठा लावा, रोजचा पाठ वरून पाठवा, सगळ्यांना एक पेपर एक दिवस. परवा अभ्यासवर्गात एक तरुण मला म्हणाला, "सर, मास्तर लोकांना मोकळं सोडलं की ते शेती करतात आन् प्लॉटिंग करतात." हशा पिकला. मीही हसलो, कारण तशी माणसं मला माहीत आहेत. पण त्याचं म्हणणं मला मान्य नाही.

एक तर नियम कितीही करा, अखत्यार संपत नाही. अमेरिकेतल्या मायकेल लिप्स्की नावाच्या अभ्यासकानं १९८० साली यावर पुस्तकच लिहिलं. शिक्षक, पोलीस, समाजकल्याणचा कर्मचारी यांच्यापुढं माणूस येऊन उभा राहतो तेव्हा ते जे करतात तेच लोकांच्या दृष्टीनं सरकारचं धोरण असतं, असा त्याचा मुद्दा. आपल्याला हे सांगायला अमेरिकेहून कुणी यायची गरज नव्हती, पण त्यानं नीट मांडलं. नियम म्हणतो पोरीला मारू नको. मागच्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला तर तिच्याकडं बघ, हे नियम कसं सांगणार? ती चुकली तर तिच्या चुकीतून तिला काय समजलेलं नाही ते शोध, हे कुठल्या परिपत्रकात बसवणार? मारायची बंदी घालता येते. शिकवायची सक्ती करता येत नाही. तिथं मास्तरचं डोकं आणि मन दोन्ही लागतं.

दुसरं, मी स्वतः चोवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, आणि अखत्यार काढून घेतलेला मास्तर कसा दिसतो हे रोज बघतो. शाळेत दोनच शिक्षक. सकाळी मोबाईलवर मेसेज पडतो: 'अत्यंत तातडीचे, आज बारापर्यंत माहिती भरा.' काल भरलेलीच माहिती, तक्ता नवा. सरलवर भरा, यू-डायसवर भरा, पोषण आहाराची नोंद करा, फोटो टाका. २०१६ च्या नोव्हेंबरात तर पोरांबरोबर सेल्फी काढून वर पाठवायचा हुकूम निघाला होता. ओरड झाली तेव्हा तो स्थगित झाला. शिक्षणहक्क कायद्याचं सत्ताविसावं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नका. सुप्रीम कोर्टानं २००७ सालीच सांगितलं होतं की निवडणुकीचं कामसुद्धा सुट्टीच्या आणि बिगर-शिकवण्याच्या दिवशी द्या. पण मतदार यादीचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्या बीएलओला कसली आलीय सुट्टी. वर्गातली पोरं खडूनं फळ्यावर मोर काढत बसतात आणि गुरुजी नेटवर्क शोधत कडुनिंबाखाली.

अंगणवाडीच्या बायांनी याला एकदा चांगलं उत्तर दिलं. २०२१ साली महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारनं दिलेले निकामी मोबाईल कार्यालयात नेऊन परत टाकले. अ‍ॅप इंग्रजीत, फोन अडकणारा, दुरुस्तीचा खर्च यांच्याच अंगावर. पोराचं वजन घेऊन त्याच्या आईशी दोन शब्द बोलायचे का फोनशी झगडत बसायचं, हा त्यांचा प्रश्न होता. मानधन कमी पडतं हे गाऱ्हाणं तर होतंच. पण आमचं काम आम्हाला करू द्या, हेही त्या सांगत होत्या, आणि ते फार थोड्यांनी ऐकलं.

इथं मला महार वतन आठवतं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. त्यांचं दुखणं काय होतं? काम काय ते ठरलेलं नाही. वेळ ठरलेली नाही, रात्र नाही दिवस नाही. कुठल्याही खात्याचा माणूस गावात येवो, महारानं हजर व्हायचं. घरधनी नसला तर घरातलं दुसरं माणूस धरून न्यायचं. सरकार देणार नावापुरतं, बाकी पोट रयतेच्या बलुत्यावर. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. तुलना जपूनच करतो. कायम शिक्षकाला चांगला पगार आहे, त्यानं स्वतःला येसकर म्हणवून घेऊ नये. पण आशाताईकडं बघा. २००५ पासून ती आहे आणि कागदावर ती 'स्वयंसेविका' आहे. काम दिवसेंदिवस वाढतं, रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जायचं, मोबदला कामागणिक, आणि कुणीही साहेबानं कसलाही सर्व्हे तिच्यावर टाकावा. अंगणवाडी सेविकेला ग्रॅच्युइटी लागू आहे एवढं ठरायला २०२२ साल उजाडलं, तेही सुप्रीम कोर्टात. काम न ठरलेलं, वेळ न ठरलेली, पगाराला पगार म्हणायचं नाही. हे कुठं तरी बघितल्यासारखं वाटत नाही का?

आता मुद्द्याचं. वर पूर्ण बांधलेला आणि खाली पूर्ण मोकळा, असा मास्तर आपल्याला सगळ्यात घातक आहे.

१९७६ साल घ्या. आणीबाणी. अनेक राज्यांत शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' ठरवून दिल्या. इतक्या आणा, नाहीतर पगार अडवू. शहा आयोगापुढं हे सगळं आलं. आपल्या महाराष्ट्रानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच विधिमंडळात मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अडलं. मास्तरला वर 'नाही' म्हणायची सोय नव्हती. मग त्यानं कुणाला धरलं? पाटलाला? सावकाराला? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्यालाच. शेतमजूर, झोपडपट्टीतला, फूटपाथवरचा. वरून आलेली सक्ती मास्तरच्या हातातून गेली आणि थेट आपल्या वस्तीत उतरली. कोण न्यायचं, कोण सोडायचं, एवढाच अखत्यार मास्तरकडं शिल्लक होता, आणि तो त्यानं नेहमीच्या दिशेनंच वापरला. कुटुंबनियोजनाची ती ठरवून दिलेली लक्ष्यं देशभरातून काढून टाकायला १९९६ उजाडलं. तोवर ओझं परिचारिकांवर होतं, आणि त्यांच्यामागून त्याच बायाबापड्यांवर.

द्रोणाचार्याचं नाव आपण घेतो ते एकलव्यापुरतं. मला त्या मास्तरची दुसरी बाजू जास्त सांगते. तो हस्तिनापूरचा पगारी नोकर. पोटच्या पोराला दुधाच्या जागी पिठाचं पाणी पाजायची वेळ आली होती, म्हणून राजवाड्याच्या आसऱ्याला गेलेला. तिथं राजपुत्रांपुढं त्याला तोंड नाही. भर सभेत द्रौपदीचा छळ झाला तेव्हा तो तिथं बसलेला होता, गप्प. अर्जुनाला दिलेला शब्द मोडायची ताकद नाही. आणि जंगलात एका निषादाच्या पोरापुढं मात्र तो सार्वभौम, अंगठा मागण्याइतका! धन्याकडं ज्याला 'नाही' म्हणता आलं नाही, त्यानं त्याची किंमत एकलव्याकडून वसूल केली. (१९८५ पासून सरकार याच गृहस्थाच्या नावानं खेळाच्या प्रशिक्षकांना पुरस्कार देतं. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.)

तेव्हा आपली मागणी उलटी पाहिजे. पोरापुढं मास्तर कायद्यानं बांधलेला असावा आणि साहेबापुढं, संस्थाचालकापुढं, सरपंचापुढं मोकळा असावा. हे बोलायला सोपं झालं. करताना काय होतं, ते माझ्याच वर्गातलं सांगतो.

आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळी झाली की ट्रॅक्टर लागतात आणि अर्धा वर्ग कोयत्याबरोबर कारखान्यावर जातो. काही पोरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. बाकीची पाडव्याच्या आसपास उगवतात, आणि एप्रिलात परीक्षा. चौथीत भागाकार सुरू व्हायच्या आत गेलेलं पोर परत येतं तेव्हा वर्ग अपूर्णांकावर असतो. वरून पेपर एकच. टाचणवहीत या आठवड्याचा घटक एकच. एका वर्षी मी वर्गाचे दोन भाग केले आणि दुपारी या पोरांना त्यांच्या जागेपासून शिकवलं. भागाकारासाठी त्यांच्याच घरची उदाहरणं घेतली. बापानं मुकादमाकडून उचल किती घेतली, टनाला दर किती, दिवसाला किती टन तुटतो, तर उचल फिटायला किती दिवस लागतील? पोरं अशी भिडली म्हणता! शिवण्याचा धडा असता तर भिडली नसती. एक पोरगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, घरी जाऊन बापाला म्हणाली, मुकादमानं सांगितलेला हिशेब जुळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुकादम सरपंचाकडं, सरपंचाचा फोन साहेबांना. 'गुरुजी शाळेत राजकारण शिकवतात.' साहेब गाडीनं आले, टाचण बघितलं, शेरेबुकात लिहून गेले: पाठ्यपुस्तकाबाहेरचे अध्यापन, अभ्यासक्रम मागे. तोंडी बदलीची भाषा झाली.

बदली झाली नाही. कारण २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या नियम लावून संगणकावर होतात. त्या पद्धतीवर आम्ही शिक्षक लोक पुष्कळ बोटं मोडतो, बऱ्याचदा रास्तपणे. पण त्या वर्षी साहेबाच्या हातात माझी बदली नव्हती, म्हणून दुपारचा भागाकार चालू राहिला. शिक्षणहक्क कायद्याचं चोविसावं कलम सांगतं की शिक्षकानं प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून जास्तीचं शिकवावं. मी लेखी खुलाशात तेवढंच कलम लिहून दिलं. पुढं त्याचं उत्तर आलं नाही.

म्हणजे माझी मोकळीक कशावर उभी होती? दोन कागदांवर. गुरुपरंपरेवर नव्हे आणि माझ्या धाडसावरही नव्हे. नोकरी कायम नसती तर मी तो खुलासा लिहिला असता का, या प्रश्नाला मी छातीठोक उत्तर देणार नाही; घरात चार तोंडं आहेत.

म्हणून मला वाटतं की कंत्राटी भरतीकडं आपण फक्त आरक्षण बुडतं एवढ्याच नजरेनं बघतो ते अपुरं आहे. आरक्षण बुडतंच. २०२३ च्या सप्टेंबरात नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी-निमसरकारी कामांना माणसं पुरवायचा निर्णय निघाला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरात रद्द झाला, तेव्हा आपण तो मुद्दा बरोबर पकडला होता. पण त्याच्याआड दुसरी गोष्ट घडते. २००० सालापासून नवा शिक्षक तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो. कितीतरी वर्षं प्राथमिकला सहा हजार मानधन होतं, ते २०२३ साली सोळा हजार झालं. तीन वर्षं मान खाली घालून काढली की चौथ्या वर्षी मान वर येतेच असं नाही. कॉलेजात सीएचबीवर, तासिका तत्त्वावर, शिकवणारी आपली पोरं-पोरी बघा. नेट झालेली, पीएच.डी. झालेली. दर वर्षी नवी ऑर्डर. वर्गात फुले-आंबेडकर किती आणि कसे शिकवायचे, हे त्यांनी कुणाला विचारायचं? विद्यार्थ्यावर अन्याय झाला तर कुणाच्या केबिनमध्ये जाऊन सांगायचं, आणि पुढच्या जूनमध्ये ऑर्डर निघेल या भरवशावर? १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा झाला तेव्हा काढून टाकलेल्या मास्तरला न्यायाधिकरणाचं दार मिळालं. ज्याला दर वर्षी नव्यानं नेमतात त्याला काढून टाकावंच लागत नाही. नुसतं बोलावलं नाही की झालं.

कुणी म्हणेल, आपला माणूस मास्तर झाला की हे सगळं सुटेल. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीरावांनी हेच मांडलं होतं, प्राथमिक शाळांतले शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, ते शेतकऱ्यांच्या वर्गातून यावेत, ज्यांना नांगराचा मुठा धरायची लाज वाटत नाही असे असावेत. आणि त्यांना पगार नीट द्या, हेही त्यांनी त्याच निवेदनात लिहिलं. पगाराचा भाग आपण विसरतो. जोतीरावांना माणूस आपला असून भागत नाही, त्याच्या पायाखाली जमीनही लागते, हे कळत होतं. आपला माणूस आला पाहिजे यात शंका नाही. वर्गात फळ्यापुढं आपल्यातलं कुणी उभं आहे, याचा पोरावर काय परिणाम होतो ते मी बघतो. पण समाजकल्याणच्या वसतिगृहात आपलाच गृहपाल आपल्याच पोरांच्या ताटातलं खातो, हेही तुम्ही बघितलंय, आणि त्यावर मोर्चे काढलेत. तिथं जात कामाला येत नाही. तिथं भिंतीवर लावलेला आहाराचा तक्ता कामाला येतो, तो वाचून विचारणारं पोर कामाला येतं.

शिक्षक संघटनांबद्दल दोन शब्द लिहायचे टाळत होतो, पण लिहितो. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, मीही होतो. मागणी न्याय्य. पण पोरांना कसं शिकवायचं हे ठरवायचा हक्क द्या, म्हणून आमच्या संघटनेनं कधी एक दिवस शाळा बंद ठेवल्याचं मला ठाऊक नाही. आणि शाळेत खिचडी शिजवणारी बाई, अंगणवाडीची मदतनीस, आशाताई यांना आम्ही आमच्या मंडपात बोलावत नाही. आम्ही 'गुरुजी', त्या 'मावशी'. स्वायत्तता मागायची ती अशी वरच्या पायरीवर बसून मागितली, तर लोक तिला मास्तरांची चैन म्हणतील आणि त्यांचं चुकणार नाही.

आता तुमच्याकडून एक काम. शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बाया, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा ती करते, शाळेच्या कारभारावर नजर ठेवते. ही सरकारनं आपल्याला लेखी दिलेली जागा आहे, जिथं मास्तरला पोरांच्या वतीनं जाब विचारता येतो, आणि साहेबाविरुद्ध मास्तरच्या पाठीशीही उभं राहता येतं. मी पाहिलेल्या बऱ्याच गावांत तिच्या बैठकीच्या रजिस्टरवर घरोघर फिरून सह्या घेतात. वस्तीतल्या बाईचा अंगठा चुलीपुढंच उमटवून नेतात. आपण जयंतीच्या कमिटीसाठी चार-चार रात्री भांडतो आणि या कमिटीत आपलं कोण आहे, ते आपल्याला माहीत नसतं.

येत्या जूनमध्ये आपापल्या गावच्या शाळेत जा आणि ते रजिस्टर मागा. बैठकीची तारीख कोणती, विषय काय होते, सही कुणाची, ती बाई त्या दिवशी गावात होती की फडावर, एवढं बघा. मास्तर रजिस्टर दाखवायला कां-कूं करील. त्याच्यावर ओरडू नका, आणि त्याला सोडूही नका. त्याला विचारा, वरून कसले कसले कागद आलेत आणि त्यातला कुठला कागद शिकवण्याच्या आड येतो. कुणी विचारलं नसेल त्याला आजवर.